कपाट टेकल्यावर

सामान हलवणाऱ्या कंपनीत कांचनला नोकरी लागली ती दोऱ्या बांधायची. ओझी उचलायला यंत्रं होती. ती शाळेत असताना कंपनीने हमालांच्या अंगाला तारा लावून त्यांची उचल-ठेव यंत्रांना शिकवली आणि मग हमालांनाच घरी बसवलं. तिचे आबा त्यातलेच. घरी बसले आणि खचले. वर्षभरही टिकले नाहीत.

पहिल्याच दिवशी यंत्राने कपाट पाठीवर घेतलं, जिन्याच्या वळणावर अंग तिरकं केलं आणि वर नेऊन अलगद टेकवलं. मग त्याचा हात खाली आला आणि कमरेएवढ्या उंचीवर हवेतच थोपटून परत गेला.

"हे काय करतंय?" कांचनने विचारलं.

"खोड आहे त्याची," मुकादम दुसाने म्हणाले. "ओझं ठेवलं की दर वेळी करतं. कुठून शिकलं, देव जाणे. उद्या काढून टाकणार आहेत. चला ताई, फ्रिज राहिलाय."

शाळा सुटली की ती आबांना डबा घेऊन जायची. ओझं उतरवलं की ते आधी तिच्या डोक्यावर थोपटायचे, मग घाम पुसायचे.

फ्रिज टेकला. दोरी सोडायच्या निमित्ताने कांचन यंत्रापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने डोक्याचा रुमाल काढला.