चार नंबरची चिकटपट्टी

"पट्टी काढ. तो गेला की परत लाव," मालक म्हणाले.

फोरमनने चार नंबरच्या प्रेसवरच्या डाव्या बटणाची चिकटपट्टी नखाने सोलायला घेतली. प्रेस खाली यायला दोन्ही बटणं एकदम दाबावी लागत, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहत. पण डावं बटण पट्टीने कायमचं दाबून टाकलं की डावा हात पत्रा सरकवायला मोकळा. तासाला डब्यांची चाळीस झाकणं जास्त निघत. मागच्या महिन्यात याच प्रेसखाली एकाचं बोट गेलं, कामगारांच्या विम्याचा हप्ता दीडपट झाला, आणि पट्टी तिथेच राहिली.

हप्ता मालकांच्या जिव्हारी लागला होता. बोटाबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते.

"विम्याचा माणूस येतोय हे नक्की ना?"

"फोन मीच घेतला, साहेब. दहाला येतो म्हणाला."

दहाला फोरमनने गेटवरून माणसाला आत आणलं. उंच, अबोल. कोटाच्या बाह्या मनगटाच्या वरच थांबलेल्या, डावा हात खिशात. मालकांनी चहा पुढे केला, त्याने नको म्हटलं. वही फोरमनला धरायला लावली आणि उजव्या हाताने टिपणं घेऊ लागला. मालकांना वाटलं, बडं प्रस्थ दिसतंय.

तो थेट चार नंबरपाशी गेला.

"चालवून दाखव."

प्रेसवाला महिन्याभरापूर्वीच लागला होता. घरी बायकोला सातवा महिना. सकाळपासून फोरमनने त्याच्याकडून दोन्ही हातांचा सराव घोटून घेतला होता. पण सगळे बघायला लागले आणि बिचाऱ्याला घाम फुटला. हातांनी रोजचं तेच केलं. उजव्याने बटण दाबलं, डावा पत्र्याबरोबर सरळ प्रेसखाली गेला.

प्रेस हलली नाही.

विम्याचा माणूस पांढराफटक पडला होता.

"हात बाहेर घे," माणूस हळूच म्हणाला. मग त्याने डाव्या बटणावर बोट टेकवलं. "हे चिकट का लागतंय?"

तुझं आता काही खरं नाही, अशा नजरेने मालकांनी फोरमनकडे पाहिलं.

माणसाने वहीतलं लिहिलेलं पान फाडून खिशात घातलं. "आज राहू दे. पण वर्षभरात मी कधीही येईन, न सांगता. पट्टी दिसली तर हप्ता दुप्पट. आणि वर्षभर इथे कुणाला खरचटलंही नाही, तर हप्ता उतरेल. त्यासाठी कुणाचे पाय धरावे लागत नाहीत."

तो गेटबाहेर पडेपर्यंत मालकांनी चेहरा हसरा ठेवला. मग वळून ओरडले, "पट्टीचं रीळ कुठाय? फेकून द्या ते! यापुढे जो पट्टी लावेल त्याला मी गेट दाखवीन. झाकणं कमी निघाली तरी चालतील!"

प्रेसवाला रडकुंडीला आला होता. "फोरमन, माझ्यापायी तुमची नोकरी गेली असती."

"हात जागेवर आहेत ना? मग लाग कामाला."

संध्याकाळी फोरमन घरी पोचला तेव्हा बायकोने चहा टाकला होता. टेबलाशी तिचा धाकटा भाऊ बसला होता, अजून कोट न काढता.

"दाजी, तुमचा हा लग्नातला कोट काखेत फार काचला हो," मेव्हणा म्हणाला, आणि कपाला आधार द्यायला त्याने सकाळपासून पहिल्यांदाच डावा हात खिशातून बाहेर काढला. त्या हाताला अंगठ्याशिवाय एकही बोट नव्हतं.