बॉल पुसायचा रुमाल

मिस्त्रींनी लेकीने आणलेला नवा बॉल सोडला आणि श्वास रोखून बघत राहिले. बॉल लेनच्या कडेकडेने गेला, शेवटी अलगद आत वळला आणि दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या.

"आणि ही कोरडी लेन होती बरं का," मागून लेक म्हणाली.

या बॉलिंगच्या हॉलमध्ये मिस्त्रींनी तीस वर्षं लेनना तेल लावलं होतं. आता ते काम लेक करायची. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून संघात राहायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच अट घातली. लेकीने एक लेन कोरडी ठेवायची, एकीवर बेताचं तेल, एकीवर भरपूर. तेल नसलं की बॉल फार लवकर वळतो, जास्त असलं की वळतच नाही. तिन्हींवर बॉल नेमका वळला तर संघाचा फॉर्म भरायचा, नाहीतर बूट खुंटीला टांगायचे. फॉर्मची मुदत आजच संपत होती.

बेताच्या तेलावरही बॉल तसाच वळला. भरपूर तेलावर तो साबणासारखा सरळ सटकायला हवा होता, पण छे, तिथेही गुणी बाळासारखा आत आला. खरं तर नेम साफ हुकला होता. तरी पिना पडल्या. मिस्त्री भलतेच हरखले. त्यांनी बॉल लख्ख पुसला आणि हौसेने पुन्हा कोरड्या लेनवर टाकला.

परत आलेल्या बॉलवरून त्यांनी रुमालाची स्वच्छ बाजू फिरवली. तीही तेलाने माखली.

कोरड्या लेनवरून बॉल कोरडाच येतो. म्हणजे पोरीने तिन्ही लेनना एकसारखंच तेल लावलं होतं, मधे भरपूर आणि कडांना जवळजवळ नाही. असं लावलं की चुकून सुटलेला बॉलही फिरून मधेच येतो. ही युक्ती मिस्त्रींची स्वतःची होती. बायकोच्या शेवटच्या वर्षी, आजाराने तिच्या हातातलं बळ गेलं तेव्हा, ते गुपचूप तिच्या लेनवर हेच करायचे. वर म्हणायचे, "लेन कोरडी ठणठणीत आहे, तरी तुझा बॉल बघ कसा नेमका वळतोय." तिला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, या समाधानावर त्यांनी नऊ वर्षं काढली होती.

ती हसायची. बॉल पुसायची. रुमालाची घडी घालून पिशवीत टाकायची. घरी तिला पाण्याची बादली उचलवत नव्हती, पण तो रुमाल तिने कधी त्यांच्या हाती दिला नाही. "राहू दे, माझं मी धुते," म्हणायची.

मिस्त्रींनी हातातल्या तेलकट रुमालाकडे पाहिलं. तिला कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं.

"काय झालं बाबा?" लेकीचा चेहरा उतरला. "बॉल आवडला नाही का?"

"बॉल लाखात एक आहे," मिस्त्री म्हणाले. "फॉर्मवर तुझं नाव घाल, मला राखीव ठेव. तुला खेळताना बघायचंय मला आता."

लेक सवयीने हात पुढे करून म्हणाली, "द्या तो रुमाल, धुवून टाकते."

मिस्त्रींनी तेलकट बाजू आत घेऊन घडी घातली आणि रुमाल खिशात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "माझं मी धुतो."