स्टील गिटारची घाई

साठी उलटल्यावर प्रेमानंद धरमपेठेतल्या क्लासमध्ये स्टील गिटार शिकायला जाऊ लागले. पण मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवरून पोलादी कांडी सरकवताना सूर निसटून जाई. एक दिवस चिडून त्यांनी कांडी आपटलीच.

"काका, एवढी घाई काहून करता? वर्षभरात येईल," शिकवणारी मेघा म्हणाली.

"तेवढा वेळ नाही मॅडम."

"साठ म्हणजे काय वय झालं?"

"माझं नाही, मायचं झालं. रेडिओवर ही गिटार लागली का हातचं काम सोडून ऐकत बसे. आता कान जाऊन राहिले तिचे."

संध्याकाळी त्यांना धीर धरवला नाही. मायच्या खाटेशी बसून त्यांनी अर्धीमुर्धी आलेली एकच ओळ वाजवली. माय नुसती भिंतीकडे पाहत राहिली. त्यांनी ती पुन्हा वाजवली, मग आणखी जोरात वाजवली. शेवटी हताश होऊन ते गिटार गवसणीत भरू लागले.

तेवढ्यात माय कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "किती बेसूर वाजवून राहिला गा!"

प्रेमानंदांनी डोळे पुसले आणि गिटार परत मांडीवर घेतली.