ही नळी कुठे जाते?

रोपवाटिकेसाठी स्वस्तात जुनी पिकअप मिळतेय म्हणून कुंदा बघायला आली आणि तासभर प्रश्नच विचारत राहिली. ही नळी कुठे जाते? एवढी चालू गाडी इतक्या कमी किमतीत कशी?

"गुडघे गेले माझे, क्लच दाबवत नाही," गाडीमालक मुलाणीचाचा म्हणाले. "चालवणार कोण?"

"मीच. पण शिकायचीय अजून." ती ओशाळली.

चाचा हसले नाहीत. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "बसा ताई."

गाडी थरथरली, हातभर पुढे उडाली आणि बंद पडली. कुंदाने लगेच विचारलं, "चाचा, आता आत नेमकं काय झालं?"

"काल दोघेजण जास्त देत होते," चाचा बॉनेट उघडत म्हणाले. "पण एकानेही काही विचारलं नाही. या, तुमची गाडी दाखवतो."