अट कळली नाही तर

"बघ, पुन्हा सुसाट गेला!" ओजसने कपाळावर हात मारला. त्यांच्या टीमने बनवलेल्या डीबगरला, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून चुका शोधणाऱ्या साधनाला, 'अमुक अट पूर्ण झाली तरच थांब' असं सांगता यायचं, पण सकाळपासून तो काही केल्या थांबत नव्हता.

शर्वाणी शेजारच्या टेबलावरून चहाचा कप घेऊन आली आणि कोड वाचू लागली. "याला तुझी अट कळतच नाहीये. आणि कळली नाही की हा सरळ 'नाही' धरून पुढे जातो."

"मूर्खच आहे!" ओजसने खटाखट चार ओळी बदलल्या. "आता नाही कळलं तर थांबेल आणि विचारेल." बटण दाबताच डीबगर थांबला. ओजस बसल्या बसल्या नाचला.

शर्वाणी मात्र हलली नाही. "दिवाळीत तू लग्नाचं विचारलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, आधी ताईचं ठरू दे, मग बघू."

"हो. म्हणजे नाहीच ना?"

तिने नुसतंच स्क्रीनकडे बोट दाखवलं.

ओजसने बदललेल्या ओळी पुन्हा वाचल्या. मग हळूच म्हणाला, "ताईचं... ठरलं का गं?"

"रविवारी तिचा साखरपुडा आहे. तुझ्या आई-बाबांना घेऊन ये."