लमजद मस्यूंची ढाल

रोबो तिसऱ्यांदा भिंतीवर जाऊन आदळला. लाल चेंडू त्याच्यापासून हातभर अंतरावर तसेच पडून राहिले. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या त्या क्रीडागृहात बसलेले दोनशे लोक पोट धरून हसले. पंचांनी शिटी वाजवताच मस्यू लमजद, म्हणजे संघाचे लमजद सर, रिंगणात धावले, गुडघ्यांवर बसले आणि कॅमेऱ्यापुढच्या ढालीवरून हात फिरवत ओरडले, "ओरखडासुद्धा नाही! अल्हम्दुलिल्लाह!"

कठड्यापाशी लॅपटॉप धरून उभी असलेली विसाल मान खाली घालून राहिली. तीन फेऱ्या हरल्यावर ट्यूनिसच्या अंतिम स्पर्धेची वाट बंद होते. त्यांच्या संघाची झाली होती.

गेल्या वर्षी सूसच्या स्पर्धेत समोरच्या रोबोचा लोखंडी हात लागून त्यांच्या शाळेचा कॅमेरा फुटला. तेव्हापासून भौतिकशास्त्राच्या या मास्तरांना दुसरं काही सुचेना. त्यांनी वर्षभर ढालीची चित्रं काढली. मुख्याध्यापकांना दाखवली, गणिताच्या बाईंना दाखवली, कॉफी पिता पिता अनोळखी माणसांनाही दाखवली. परवा संध्याकाळी त्यांनी ती स्वतःच्या हातांनी बसवली. जाड पारदर्शक प्लास्टिक, रबराची कड, चार स्क्रू. रोबोला चेंडू ओळखायला कोण शिकवतंय, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. ते विसाल शिकवत होती. आठ महिन्यांचे सगळे रविवार तिनं त्यात घातले होते. शाळेच्या जिन्याखालच्या सरावात रोबो एकही चेंडू सोडत नसे.

पहिली फेरी हरल्यावर ती म्हणाली होती, "मस्यू, चित्र धूसर येतंय. सगळं दुधात बुडवल्यासारखं. ढाल काढून एकदा बघू या का?"

"बोटांचे ठसे उमटतील," मस्यू म्हणाले आणि त्यांनी ढालीवर मऊ फडकं टाकलं. "इथले दिवेच तसे आहेत."

दुसरी फेरी हरल्यावर तिनं पुन्हा विचारलं. या वेळी मस्यूंनी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "बाकीच्या रोबोंना याच दिव्यांत दिसतंय ना? मग? ढालीचं ढालीनं केलं. तू तुझं कर!"

आणि आता तिसरी फेरी. मस्यू पंचांच्या टेबलापाशी जाऊन सांगत होते, "यंत्र उत्तम आहे हो. डोकं जरा कच्चं पडलं." ते ज्या डोक्याबद्दल बोलत होते, ते तीन पावलांवर उभं होतं.

तेवढ्यात गाबेसच्या संघाची सोंदुस धापा टाकत आली. तिच्या तळहातावर फुटक्या कॅमेऱ्याचे तुकडे होते. "शेवटची फेरी दहा मिनिटांवर आलीय, मस्यू. धडकेत गेला हो आमचा. पंच म्हणतात, दुसऱ्या संघाचा घेतला तरी चालेल. तुमचा द्याल का?"

मस्यूंनी ते तुकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "उघडा ठेवलात ना? मग हेच होणार! पोरींनो, डोळ्याला पापणी लागते, पापणी!" पुढची दोन मिनिटं ते पापणीवर बोलले. मग म्हणाले, "नाही. एक वर्ष जपलाय मी तो."

विसालनं लॅपटॉप मिटला. खोक्यातून पेचकस उचलला आणि ती रोबोपाशी खाली बसली.

"हात लावू नकोस!" मस्यू म्हणाले.

"मस्यू, आपला खेळ संपलाय. हिचा नाही संपलेला."

इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गात कुणी असं बोललं नव्हतं. ते पुढे येईपर्यंत चौथा स्क्रू निघाला होता. विसालनं ढाल मांडीवर ठेवली आणि कॅमेरा सोंदुसच्या हातात दिला. "जा, पळ."

गाबेसच्या रोबोनं सातच्या सात चेंडू उचलले. एकदाही चुकला नाही. क्रीडागृह दणाणलं, कुणीतरी टेबलावर दरबुका वाजवावी तसा ठेका धरला. सोंदुस कॅमेरा परत घेऊन आली, ती नाचतच. "कसलं झकास दिसतंय यातून! अगदी लख्ख!"

मस्यूंनी कॅमेरा घेऊन सगळीकडून निरखला. मग तो उंच धरून विसालकडे वळले. "ऐकलंस? लख्ख! दिवेही ठीक आणि कॅमेराही ठीक. म्हणजे दोष कुणाचा, हे आता मी वेगळं सांगायला नको."

संघातल्या बाकीच्या मुली जमिनीकडे बघू लागल्या. रडायचं नाही, एवढंच विसालनं ठरवलं, आणि कुठंतरी बघायचं म्हणून मांडीवरच्या ढालीकडे पाहिलं. तिच्यातून खालची मांडी दिसत नव्हती. नुसता पांढुरका धूर दिसत होता. स्क्रूच्या एका भोकापाशी कडेला बारीकसं टोक सुटलं होतं. तिनं ते नखानं धरलं आणि ओढलं.

चर्रर्र आवाज झाला. अख्खा पापुद्रा निघून तिच्या हाताला चिकटला. दुकानातल्या नव्या मालावर असतो तसा, मळू नये म्हणून लावलेला, वापरण्याआधी काढून टाकायचा.

सोंदुसनं तोंडावर हात ठेवला. एका मुलीला हसू आवरेना, ती पाठमोरी झाली. पंचांच्या टेबलामागचा म्हातारा चष्मा सावरत उठून आला.

मस्यू लमजद यांनी वाकून तो पापुद्रा पाहिला. मग खाकरले. "हात्तिच्या! असल्या एका पातळ पापुद्र्यानं काय फरक पडतो?"

विसालनं ढाल उलटी केली आणि दुसऱ्या बाजूच्याही पापुद्र्याचा कोपरा नखानं उचलला.