माळ्यावरची बॅग

दूरच्या ग्रहावर कायमचं राहायला जाणाऱ्यांच्या यादीत टेलरबाईंचं नाव लागलं. अंतराळातले पोशाख उसवले तर शिवायला तिथेही कुणीतरी लागतंच. परत येणं नाही, हे कळल्यावर परदेशातल्या मुलाने फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"आई, या वयात हे काय खूळ? आपल्या माणसांना सोडून कुणी जातं का?"

बाईंनी फोन कान आणि खांद्यात धरून माळ्यावरची बॅग खाली ओढली. 'पुढच्या वर्षी तुला इकडे घेऊन येतो' म्हणत मुलानेच ती पाठवली होती. नऊ वर्षांत तिचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. बाईंनी ते कात्रीने कचाकच कापलं.


"तुझी वाट बघून ही बिचारी कंटाळली रे. आता तीच निघालीय, मी फक्त सोबतीला चाललेय."